मांजराचे अंगण

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मराठवाड्यातल्या जुन्या घरात मांजर कोणी मुद्दाम पाळत नसे, ते असायचेच. पेवात ज्वारी असे, बळदात तूर असे, म्हणून उंदीर असत. उंदीर असत म्हणून मांजर असे. त्याला दूध-भाकरीचा चतकोर मिळे, बाकीचे पोट ते स्वतःच्या कष्टाने भरी. सकाळी चुलीजवळ, दुपारी ओसरीवर आणि रात्री माळवदावर असा त्याचा दिनक्रम. घराला घर लागलेले, माळवदाला माळवद जोडलेले. मांजर संध्याकाळी निघाले की गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडून येई आणि खालच्या रस्त्यावर त्याचा पाय पडत नसे. वरचा रस्ता मांजराचा, खालचा कुत्र्यांचा आणि माणसांचा, अशी ती न बोलता झालेली वाटणी होती.

ही वाटणी आता मोडली आहे. नांदेडात सिडको-हडको वसले, तरोड्याकडे प्लॉट पडले. लातूर औसा रोडने, बार्शी रोडने, अंबाजोगाई रोडने पसरत गेले. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि दगडमातीच्या जाड भिंती, त्यांवरचे मातीचे जड माळवद हेच हजारो माणसांचा काळ ठरले. त्यानंतर ज्या ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले, तिथे रुंद रस्ते आले, सुटे सुटे प्लॉट आले. ते योग्यच झाले. माणसाचा जीव पहिला. पण घरे एकमेकांपासून सुटली आणि मांजराचा वरचा रस्ता संपला. आज त्याला शेजारच्या अंगणात जायचे तर चार फुटी कंपाउंडवरून उतरून डांबरी रस्ता ओलांडावा लागतो. रस्त्यावर मोटारसायकली आहेत, ऑटो आहेत, रात्री दहानंतर मोकाट कुत्र्यांची टोळी आहे. सकाळी शाळेच्या रिक्षाची वाट पाहणाऱ्या लेकराला रस्त्याच्या कडेला आपलेच मांजर पडलेले दिसते. घरातले म्हणतात, "जाऊ दे, दुसरे आणू." लेकरू गप्प बसते. त्या गप्प बसण्यातून ते काय शिकते, याचा विचार आपण करत नाही.

यावर उपाय आहे, आणि तो फार खर्चाचा नाही. मांजराला खोलीत कोंडायचे नाही. अंगणच असे बंदिस्त करायचे की ते उन्हात बसेल, झाडाला नखे घासेल, पाऊस पाहील, पण बाहेर जाणार नाही.

पहिला आक्षेप मला ठाऊक आहे. मांजर हे स्वतंत्र जनावर, त्याला अडकवणे म्हणजे पाप. ही भावना आपल्याकडे सर्वांच्याच मनात आहे. षष्ठीदेवीचे वाहन मांजर. मुसलमान घरांतही त्याला मान. प्रेषित मुहम्मदांच्या एका प्रसिद्ध सहकाऱ्याला सारे जग अबू हुरैरा म्हणून ओळखते; त्या नावाचा अर्थच मांजराच्या पिल्लाचा बाप. मांजर नापाक नाही, ते तुमच्या घरात वावरणाऱ्यांपैकीच आहे, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. आणि तिथेच, बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत, एका स्त्रीची गोष्ट आहे. तिने मांजर कोंडून ठेवले, त्याला खाऊ घातले नाही, आणि बाहेर जाऊन किडामुंगी खायलाही सोडले नाही. ते उपाशी मेले आणि ती स्त्री शिक्षेला पात्र ठरली.

लहानपणी ही गोष्ट ऐकून आम्हा मुलांना वाटे, मांजर कोंडायचे नाही एवढाच तिचा अर्थ. मोठेपणी नीट वाचल्यावर लक्षात येते की दोष दोन्ही दारे बंद करण्याचा आहे. बाहेरचे बंद केले, आणि आतलेही दिले नाही. म्हणजे जो माणूस बाहेरचे दार बंद करतो, त्याच्यावर बाहेर जे मिळत होते ते सगळे आत पुरवण्याची जबाबदारी येते. मांजरासाठी अंगण बंद करणाऱ्याने हा हिशेब आधी डोक्यात पक्का करावा, मग तार-पक्कड हातात घ्यावी.

आता तार-पक्कडीकडे वळू. मी कविता लिहिणारा माणूस. माझ्या सांगण्यावर विसंबू नका, मांजराकडे पाहा. एक संध्याकाळ अंगणात खुर्ची टाकून बसा आणि ते नेमके कुठून बाहेर जाते ते बघा. बहुतेक घरांत तीनच वाटा सापडतात. एक गेटच्या खालची फट, दुसरी मोरीचे पाणी जाण्याचे भोक आणि तिसरी भिंतीजवळचे झाड, पाण्याची टाकी किंवा जुन्या सामानाचा ढीग. मांजराच्या खांद्याचे हाड आपल्यासारखे दुसऱ्या हाडांना जखडलेले नसते. त्यामुळे डोके शिरले की मागचे अंगही बहुधा शिरते. मोठ्या मांजराला दोन इंचांची जाळी अडवते. पिल्ले असतील तर एक इंचाची किंवा त्याहून बारीक हवी. गेटच्या खाली पत्र्याची पट्टी, मोरीच्या तोंडाला जाळी आणि भिंतीलगतचा पसारा चार फूट आत ओढणे, एवढ्यानेच निम्मे काम होते.

उरलेले निम्मे काम भिंतीच्या माथ्यावर आहे. मांजर पाच-सहा फूट सहज चढते, म्हणून लोक भिंत उंच करत जातात. पण ते कसे चढते ते पाहिले की उंचीचा मोह सुटतो. ते भिंतीवरून पक्ष्यासारखे उडून जात नाही. ते उसळी घेते, पुढच्या पायांच्या नखांनी माथा पकडते आणि मागच्या पायांनी अंग वर रेटते. पकडायला माथाच मिळाला नाही, तर सहा फूट पुरतात.

जगात यावर मोठे काम झाले आहे. न्यूझीलंडच्या वेलिंग्टन शहरात झीलँडिया नावाचे पक्ष्यांचे अभयारण्य आहे. तिथल्या पक्ष्यांना मांजरे, उंदीर आणि मुंगसासारखे शिकारी प्राणी यांच्यापासून वाचवण्यासाठी १९९९ साली ८.६ किलोमीटर लांबीचे कुंपण पूर्ण झाले. उंची फक्त २.२ मीटर, म्हणजे सात फुटांच्या आसपास. पण माथ्यावर बाहेरच्या बाजूला वळवलेली टोपी आहे आणि खाली उकरून आत येऊ नये म्हणून जमिनीलगत जाळीचा घोळ पसरला आहे. चढून आलेल्या मांजराला डोक्यावर अचानक छत लागते आणि ते मागे फिरते. आपल्याला हीच टोपी उलटी घालायची आहे. तिथे मांजर बाहेर ठेवायचे होते, इथे ते आत ठेवायचे आहे. म्हणून माथा आतल्या बाजूला झुकवायचा.

हे करायला परदेशी सामान लागत नाही. गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी अँगलचे दोन-दोन फुटांचे तुकडे तिरपे करून घ्या. ते भिंतीच्या माथ्यावर दर पाच-सहा फुटांवर, तोंड अंगणाकडे आणि किंचित वर, असे बसवा. त्यांवर जाळी ताणा. जाळीचा अखेरचा वीतभर भाग थोडा सैल ठेवा. पाय ठेवला की तो हलतो, आणि हलणाऱ्या गोष्टीवर मांजर भरवसा ठेवत नाही. दुसरी युक्ती रुळाची. भिंतीच्या कडेने बारीक लोखंडी पाइप लावायचा आणि त्यावर मोठा पीव्हीसी पाइप असा चढवायचा की तो मोकळा फिरेल. मांजराने पंजा टाकला की पाइप फिरतो आणि मांजर हळूच अंगणात परत येते. नांदेडच्या जुन्या मोहल्ल्यांत कबुतरे पाळणाऱ्यांना जाळीचा हा सगळा संसार नवा नाही. त्यांच्या काबुकीची जाळी कबुतराला आत आणि मांजराला बाहेर ठेवते.

झाडांचे काय? भिंतीजवळचा कडुलिंब किंवा शेवगा हा मांजराचा जिना असतो. झाड तोडू नका. बुंध्याभोवती जमिनीपासून पाच फुटांच्या वर दोन फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा सैलसर गुंडाळा. नखे रुतत नाहीत. खिळे ठोकू नका, आणि दरवर्षी तो पत्रा सैल करा, नाहीतर खोडाला फास बसतो. बाहेर झुकलेल्या फांद्या तेवढ्या छाटा.

गेट हा सगळ्यांत अवघड भाग. दूधवाला येतो, पोरे क्रिकेटची बॅट घेऊन पळतात आणि गेट उघडेच राहते. जुन्या वाड्याने हा प्रश्न कधीच सोडवला होता. मोठ्या दरवाजाला लहान दिंडी असे, आत शिरले की ढाळज, आणि ढाळज ओलांडल्यावर अंगण. दोन दारे एकाच वेळी उघडी पडत नसत. आपणही गेटच्या आत चार फुटांवर जाळीचे हलके दुसरे दार केले, तर चार बाय चारची छोटी ढाळजच तयार होते. एक लागल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही, हा नियम लेकरांना खेळासारखा शिकवता येतो.

आता आपल्या भागापुरत्या काही गोष्टी. भूकंपाने आपल्याला जो धडा दिला, तो या लहान कामातही विसरू नये. भिंत उंच करण्यासाठी तिच्यावर सुटे दगड किंवा कोरड्या विटा रचू नका. वर जे जाईल ते हलके असावे आणि घट्ट बांधलेले असावे. पत्र्याची सलग आडभिंतही नको. वैशाख-ज्येष्ठात वळवाचे वारे सुटतात तेव्हा पत्रा उडून शेजाऱ्याच्या अंगणात जातो. जाळीतून वारा निघून जातो. सावलीसाठी शेतकरी वापरतात ते हिरवे शेडनेट कृषी सेवा केंद्रांत मिळते. ते एका कोपऱ्यावर ताणले तर उन्हाळ्यात मांजराला आसरा होतो. कंपाउंडवर काचा रोवण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. चोराला त्या किती अडवतात ते चोर जाणे, मांजराचे पंजे मात्र नक्की फाडतात. त्या काढून टाका.

लोखंडी जाळी विजेच्या सर्व्हिस वायरला किंवा कूलरच्या वायरला टेकणार नाही, हे वायरमनकडून तपासून घ्या. पावसाळ्यात ओल्या जाळीत वीज उतरली तर मांजराआधी माणूस जाईल. जमिनीलगत नायलॉनची जाळी लावू नका. धामणीसारखे साप तिच्यात अडकून मरतात, आणि अडकलेला साप सोडवताना माणसालाही धोका. खाली एक-दोन फूट पत्रा किंवा बारीक लोखंडी जाळी आणि वर पाहिजे ती, अशी विभागणी ठीक. पाण्याचे हौद आणि जमिनीखालच्या टाक्या यांना झाकण हवेच. २०१६च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते लातूरकर विसरलेले नाहीत. साठवण ही आपली गरज आहे. पण उघड्या हौदात पडलेल्या पिल्लाला गुळगुळीत सिमेंटवर चढता येत नाही. झाकण नसेल तर निदान एक लाकडी फळी तिरपी सोडून ठेवा.

कंपाउंडच्या उंचीला नियम असतात. नांदेड असो की लातूर, महानगरपालिकेत एकदा विचारून घ्यावे. आणि महानगरपालिकेच्याही आधी शेजाऱ्याला विचारावे. जाळी त्याच्या अंगणावर झुकत नाही, त्याची हवा-उजेड अडत नाही, हे दाखवले तर तो बहुधा खूशच होईल. कारण त्याच्या कोथिंबिरीच्या वाफ्यात घाण करणारे आणि त्याच्या स्वयंपाकघरातले दूध सांडणारे मांजर उद्यापासून येणार नाही.

अंगण बंद झाले. आता त्या हदीसमधला हिशेब चुकता करायचा. बाहेर मांजराला काय मिळत होते? उंच जागा, लपायला आडोसा, नखे घासायला खोड, मऊ माती आणि शिकारीची धावपळ. उंच जागेसाठी भिंतीपासून दूर दोन-तीन फळ्या पायऱ्यांसारख्या लावा. आडोशाला फुटका रांजण आडवा ठेवला तरी चालतो. सुताराकडचा ओबडधोबड ओंडका नखांसाठी. सावलीत पाण्याची दोन भांडी, कारण एक नेमके लवंडते. घाणीसाठी वाळूचा पसरट टब; त्यातली घाण रोज काढायची. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू माणसात येऊ शकतो आणि तो पोटातल्या बाळाला बाधतो. म्हणून गरोदर बाईने हे काम करू नये, आणि इतरांनी नंतर हात साबणाने धुवावेत. शिकारीची भूक मात्र वस्तूंनी भागत नाही, तिला आपला वेळ द्यावा लागतो. मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वांत चपळ असते. त्या वेळी दोरीला चिंधी बांधून दहा मिनिटे त्याला पळवा. हे रोजचे दहा मिनिटे देणे होत नसेल, तर कुंपणाचा खर्च करू नका.

अंगणातली झाडेही पारखून घ्या. कण्हेर दिसायला सुंदर, पण तिच्या पानाफुलांत हृदय बंद पाडणारे विष आहे. कुंडीतल्या सायकसने यकृत जाते. मोठ्या कर्ण्यासारख्या फुलांची खरी लिली तर मांजरांची वैरीण. अंगावर पडलेले तिचे पराग चाटले तरी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. ही झाडे जाळीबाहेर हलवा. गुलाब, जास्वंद खुशाल असू द्या. ओसाड जागी उगवणारी खोकली नावाची वनस्पती अंगणात आपोआप आली, तर एक गंमत पाहायला मिळेल. तिचे मूळ उपटले की मांजरे त्याच्यावर लोळण घेतात, वेडी होतात. आणि चिमण्यांसाठी पाण्याचे भांडे टांगत असाल, तर ते मांजराच्या अंगणात टांगू नका. तो पाहुणचार होत नाही, तो सापळा होतो.

मांजर आत राहिल्याने पक्षी वाचतात हाही या कामाचा मोठा लाभ आहे. ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबेरात, १ जुलै २०२२ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेले प्रत्येक मांजर मालकाच्या आवारातच ठेवण्याचा कायदा आहे. आपल्याकडे तसा कायदा नाही. पण आपल्या चिमण्या, बुलबुल, शिंजीर यांना वाचवायला कायद्याची वाट कशाला पाहायची?

कुंपणाइतकेच महत्त्वाचे आणखी एक काम पशुवैद्यकाकडे आहे. मांजरी चार-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि साधारण दोन महिन्यांत विते. नसबंदी केली नाही तर बाहेरचा बोका रात्रभर जाळीपाशी ओरडेल आणि आतले मांजर जाळी फाडायला बघेल. नसबंदीनंतर भटकण्याची ओढ खूप कमी होते. त्यासोबत रेबीजची आणि मांजरांच्या साथीच्या रोगांची लस द्यावी. आपल्या भागात उदगीर आणि परभणी या दोन्ही ठिकाणी पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. जिल्ह्याच्या गावी दवाखाने आहेत. आणि एक ध्यानात ठेवा. आत झुकलेली जाळी बाहेर जाणाऱ्याला अडवते, आत येणाऱ्याला नाही. परका बोका आत उतरला तर त्याला परत जाता येत नाही. तेव्हा आपले मांजर घरात घ्या आणि गेट उघडून त्याला वाट द्या.

ज्यांना अंगणच नाही, त्यांनी काय करावे? फ्लॅटची गॅलरी असेल तर तीच अंगण. कबुतरांसाठी बांधतात ती नायलॉनची जाळी मांजर दातांनी तोडते. तिथे तारेची जाळी हवी. आणि ज्यांना सगळे कंपाउंड झेपत नाही, त्यांनी घराच्या भिंतीला टेकून सहा बाय आठ फुटांचा जाळीचा ओटा करावा, वरूनही जाळी, आणि खिडकीतून त्यात जायची वाट. भाड्याच्या घरातही हे करता येते, घर सोडताना उचलून नेता येते.

शेवटी, जी गोष्ट जाळीने अडत नाही तिच्याविषयी. लातूर हे डाळीचे आणि आडतीचे गाव. धान्य तिथे उंदीर आणि उंदीर तिथे औषध. रक्त गोठू न देणारे उंदरांचे औषध खाऊन सुस्तावलेला उंदीर अंगणात शिरला आणि मांजराने तो खाल्ला, तर मांजरही हळूहळू त्याच मरणाने जाते. म्हणून शेजारी औषध टाकणार असेल तर त्याला सांगून ठेवा, आणि आपल्या घरी पिंजरा वापरा. त्रास देते म्हणून मुद्दाम मांजराला विष घालणारेही असतात. त्यांना हे माहीत असावे की १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार तो गुन्हा आहेच. शिवाय १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२५व्या कलमानुसार जनावराला मारणे, विष घालणे किंवा पंगू करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

याच मराठवाड्याच्या मातीत तेराव्या शतकात चक्रधरस्वामी हिंडले. शिकाऱ्यांनी पाठलाग केलेला ससा त्यांच्या मांडीखाली येऊन लपला आणि त्यांनी त्याला अभय दिले, ही लीळा सर्वांना ठाऊक आहे. आपल्याकडे आलेले मांजर असेच आश्रयाला आलेले असते. अभय द्यायला आपण काही स्वामी नाही. पण सहा फूट भिंत, दोन फूट जाळी आणि संध्याकाळची दहा मिनिटे एवढे आपल्या हातात आहे. या रविवारी खुर्ची टाकून अंगणात बसा आणि गेटखालची फट किती इंचांची आहे, तेवढे मोजून घ्या.